एफवाय बीएस्सीला ऑरगॅनिकच्या रिअॅक्शन पाठच होत नाहीत, काय करू?

पाठ करायला घेतल्यात म्हणूनच होत नाहीत. बारावीची गाइडं तीच सवय लावतात, त्याला तुम्ही तरी काय करणार! प्रत्येक रिअॅक्शनमध्ये एवढंच बघा: इलेक्ट्रॉन कुठून निघाले, कुठे गेले. बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून काढायचा, धन भारापासून नाही. पेपरात मार्क इथेच जातात.

प्रोपीन (तीन कार्बनची साखळी, त्यात एक डबल बाँड) आणि एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) घ्या. डबल बाँडचे इलेक्ट्रॉन एचबीआरमधला हायड्रोजन उचलतात. तो टोकाच्या कार्बनवर बसला की धन भार मधल्या कार्बनवर येतो. हा सेकंडरी कार्बोकॅटायन (धन भाराचा कार्बन दोन कार्बनना जोडलेला), प्रायमरीपेक्षा (एकाच कार्बनला जोडलेल्यापेक्षा) स्थिर. मग ब्रोमाइड तिथेच जोडला जातो आणि २-ब्रोमोप्रोपेन मिळतं. हायड्रोजन जास्त हायड्रोजनवाल्या कार्बनवर जातो, मार्कोव्हनिकॉव्हचा नियम तो हाच. पेरॉक्साइड टाकलं तर मात्र गाडी फ्री रॅडिकलच्या (जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणाच्या) रुळावर जाते आणि १-ब्रोमोप्रोपेन येतं. पेरॉक्साइडचा हा परिणाम एचसीएल, एचआयला लागू नाही. तोंडी परीक्षेत विचारण्याजोगं आहे.

पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर मेकॅनिझम, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या हालचालीचे टप्पे, काढा. स्टिरिओकेमिस्ट्रीसाठी (रेणूची त्रिमितीय रचना) मॉडेल किट घ्या, नाहीतर मटार आणि टूथपिकही चालतात. जनरल केमिस्ट्रीतलं पीकेए (आम्ल किती तीव्र त्याचं माप) आणि इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी (अणूची इलेक्ट्रॉन ओढायची ताकद) तेवढं आधी पक्कं करा.