पोडिॲट्रीचा डिप्लोमा परदेशात चालेल का?

डायबेटिक फूटचं, म्हणजे मधुमेहींच्या पायांच्या त्रासाचं, काम करणारी मुलंमुली माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा बहुतेकींचा प्रश्न एकच असतो: इथे शिकलेली पोडिॲट्री (पायांच्या आजारांवरचे उपचार) तिकडे चालेल, की सगळं पुन्हा पहिल्यापासून? नागपुरात धंतोलीतल्या एका क्लिनिकमध्ये काम करणारी एक मुलगी हेच विचारायला बाबांना घेऊन आली. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेली, त्यावर एक वर्षाचा पोडिॲट्रीचा डिप्लोमा. एका एजंटनं यूकेत पोडिॲट्रिस्टची नोकरी लावून देतो म्हणून काही लाख मागितले होते आणि बाबा एफडी मोडायच्या बेतात होते.

मी आधी तिला तिचं काम सांगायला लावलं. मे महिन्यात टेकडी गणपतीला अनवाणी जाऊन आलेले मधुमेही तिच्याकडे येतात. तळव्याला फोड आलेले असतात आणि त्यांना पत्ताच नसतो. घरी कोणीतरी फरशीवरचे ओले डाग पाहतं तेव्हा कळतं. ती १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तळव्याला स्पर्श कळतो का ते तपासणारा बारीक तंतू, टेकवते, ‘‘काका, कळलं का?’’ विचारते. काका डोळे मिटूनच म्हणतात, ‘‘लावा नं आधी!’’ ब्लेडनं कॅलस (घट्टे) तासणं, फेल्टची जाड पट्टी कापून जखमेवरचा भार काढणं, पायातला रक्तप्रवाह पाहायला डॉपलर लावणं हे सगळं ती रोज करते. तिच्या हातात कसब आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

पण ब्रिटनमध्ये ‘पोडिॲट्रिस्ट’ आणि ‘किरोपोडिस्ट’ ही दोन्ही व्यावसायिक नावं कायद्यानं राखीव आहेत. एचसीपीसी या तिथल्या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावणं गुन्हा आहे. नोंदणी करताना ते तुमचं शिक्षण आणि अनुभव त्यांच्या निकषांशी ताडून पाहतात. तिथली पदवी साधारण तीन वर्षांची. त्यात लोकल ॲनेस्थेशिया देऊन नखाची शस्त्रक्रिया करणंही येतं. तिच्या डिप्लोमात ते नव्हतं. मी तिला स्पष्ट सांगितलं, की या डिप्लोमाच्या जोरावर नोंदणी होणं फार कठीण आहे. तिचे डोळे भरून आले. बाबा म्हणाले, ‘‘मग इतके दिवस फुकटच गेले का, मॅडम?’’

फुकट अजिबात गेले नाहीत. तिच्याकडचा भक्कम कागद बीपीटीचा आहे, आणि तोच ती विसरली होती. फिजिओथेरपिस्टची नोंदणीही एचसीपीसीच करते. त्यासाठी विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाचा तपशील आणि क्लिनिकल तासांचा हिशेब लागतो, आणि इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस दिली तर एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही. फिजिओ म्हणून गेल्यावर लगेच जखमा हाताळायला मिळणार नाहीत, हेही मी लपवलं नाही. पायाचंच काम करायचं असेल तर पदवीधरांसाठी पोडिॲट्रीची प्री-रजिस्ट्रेशन, म्हणजे नोंदणीसाठी पात्र करणारी, एमएस्सी असते, साधारण दोन वर्षांची. खर्च मोठा आहे, पण शेवटी नोंदणीची वाट खुली होते.

एजंटनं ‘नाहीतर फूट हेल्थ प्रॅक्टिशनर (पायांची साधी निगा राखणारे) म्हणून लावू’ असंही सांगितलं होतं. त्या नावाला नोंदणी लागत नाही, हे खरं. पण तिथे ते काम करणारे बहुतेक स्वतःचा व्यवसाय करतात, आणि स्किल्ड वर्कर व्हिसाला नोकरी देणारा स्पॉन्सर लागतो. हा भाग एजंटनं सांगितलाच नव्हता आणि याचा मला मनापासून राग आला. परदेशी नोकरी लावणारा एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते कुणालाही घरबसल्या पाहता येतं. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. बाबांनी तो आकडा माझ्याकडून कागदावर लिहून घेतला.

अमेरिकेचा विचार तिनं तिथेच सोडला. तिकडे चार वर्षांची डीपीएम ही पोडिॲट्रीची पदवी, मग तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. बाहेरच्या पदवीला जवळजवळ जागा नाही. कॅनडात प्रांताप्रांताचे नियम वेगळे.

सध्या ती फिजिओच्या नोंदणीची कागदपत्रं जमवते आहे आणि एमएस्सीचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला आहे. क्लिनिकमध्ये प्रत्येक रुग्णाची नोंद ती ठेवते: काय तपासलं, काय केलं, कोणाच्या देखरेखीखाली. पोडिॲट्रीची पूर्ण पदवी असलेल्यांनी मात्र फिजिओच्या वाटेनं जाऊ नये. त्यांनी थेट पोडिॲट्रिस्ट म्हणूनच अर्ज करावा, ऑस्ट्रेलियासाठी तिथल्या पोडिॲट्री बोर्डाकडे, आयर्लंडसाठी कोरू या तिथल्या नियामक संस्थेकडे. आणि पैसे कोणालाही देण्याआधी त्या त्या संस्थेची अर्जाची पानं स्वतः वाचावीत.