दूध पुरतंय का? एका सिस्टरची वही

मी समुपदेशक आहे. बाळंतपणानंतर माझ्याकडे येणाऱ्या बायका वेगवेगळी दुखणी घेऊन येतात. झोप लागत नाही, उगाच रडू येतं, नवऱ्याशी धड बोलणं होत नाही. पण बोलता बोलता कुठेतरी एक वाक्य येतंच: “माझं दूधच पुरत नाही हो बाळाला.” आठवड्याच्या बाळाची आईही हे म्हणते आणि चार महिन्यांचं गुबगुबीत बाळ मांडीवर घेऊन बसलेलीही. अंगावर पाजणं लवकर बंद करण्यामागे जगभर जी कारणं सांगितली जातात, त्यात हे अगदी वरचं आहे. शरीरात खरोखरच दूध कमी तयार होतं अशा आया मात्र त्या मानाने थोड्या असतात.

यातली एक आई मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती स्वतः नर्स आहे आणि तेही प्रसूती विभागात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिला मी इथे नुसतं सिस्टर म्हणते.

रजा संपवून ती ड्यूटीवर रुजू झाली तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. माझ्याकडे आली ती झोप येत नाही म्हणून. बसता बसता तिने पर्समधून एक वही काढली. प्रत्येक पंपिंगची, म्हणजे पंपाने दूध काढण्याची वेळ, कोणती बाजू, किती मिली, सगळं सुवाच्य अक्षरात.

“सकाळी ९०, दुपारी ७०. काल नाइटला फक्त ४०,” ती म्हणाली. “दिवसभर मी बायकांना सांगते, काळजी करू नका, दूध पुरतं. आणि माझ्याच बाळाला पुरत नाही. मी कसली नर्स हो मॅडम?”

“बाळाचं वजन?”

“वाढतंय. तक्त्यावरच्या रेषेला धरून आहे.”

“दिवसातून लंगोट किती ओले होतात?”

“सात-आठ तरी.”

“मग पुरत नाही हे कशावरून?”

तिने वहीवर बोट ठेवलं.

पंपात किती दूध येतं त्यावरून अंगावर किती दूध आहे हे ठरत नाही. नीट पकड घेतलेलं बाळ सहसा पंपापेक्षा जास्त दूध ओढून घेतं. शिवाय पंप कोणता, दाब किती, बसायची जागा कशी, मागचं फीड कधी झालं, यावर आकडा हलतो. हे मी तिला सांगणार, एवढ्यात तिनेच मला सांगितलं. वर म्हणाली, “हे सगळं मी परीक्षेत लिहिलंय. चांगले मार्कही पडले होते.”

इथे अनेक जण थांबतात. माहिती दिली, धीर दिला, संपलं. पण जिला माहिती आधीच आहे तिला काय देणार? मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांच्या वाटेने जाणारी आहे. माणूस अस्वस्थ असतो तेव्हा त्याला माहिती कमी पडते असं मला वाटत नाही. त्याचा कसला तरी हट्ट चालू असतो आणि तो हट्ट कशाचा, हे शोधणं माझं काम.

पुढच्या भेटीत मी तिला विचारलं, “वॉर्डातली एखादी बाळंतीण अशी वही घेऊन तुमच्याकडे आली तर?”

“सांगेन, वही ठेव बाजूला आणि बाळाकडे बघ.”

“मग हेच तुम्हाला का चालत नाही?”

“तिला सांगायला माझं काय जातं!” ती पटकन बोलून गेली. मग बराच वेळ गप्प बसली. मीही काही बोलले नाही. गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे आणि ते मला बऱ्यापैकी जमतं, असं मला वाटतं.

“खरं सांगू का मॅडम? मी जेव्हा ‘पुरतं’ असं सांगते, तेव्हा मला तरी कुठे माहीत असतं? मी बघितलेलंच नसतं. पुढच्या खाटेवर जायचं असतं. डिस्चार्जचे कागद पडलेले असतात. ‘पुरतं हो’ म्हटलं की बाई गप्प होते.”

या एका उत्तराने मला तिची सगळी गोष्ट उलगडली. ती दिवसभर न बघता धीर देत होती आणि घरी गेल्यावर तिच्या वाट्याला तोच धीर येत होता. नवरा म्हणायचा “पुरतंय गं”, तिची आई म्हणायची “पुरतंय गं”. असा धीर पुढच्या फीडपर्यंत टिकतो. मग पुन्हा विचारावंसं वाटतं आणि प्रत्येक वेळी विचारलं की शंका आणखी मोठी होते. शब्दांनी शांत केलेली चिंता परत परत शब्द मागत राहते. पोकळ धीर कसा असतो, हे इतरांपेक्षा सिस्टरला जास्त ठाऊक होतं. तो देण्यातच तर तिची ड्यूटी जात होती.

मी विचारलं, “एक अख्खं फीड, बाळ छातीला लावल्यापासून ते स्वतःहून सोडेपर्यंत, तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?”

तिला आठवेना. शिकत असताना केव्हातरी, म्हणाली. आणि घरी, स्वतःच्या बाळाचं? घरी तिचं लक्ष घड्याळाकडे असायचं. उजवीकडे किती मिनिटं, डावीकडे किती मिनिटं.

मग मी एक सोपं काम दिलं. सुट्टीच्या दिवशी एकच फीड बघायचं. घड्याळ नाही, वही नाही, नंतर पंप लावून ‘किती उरलं’ ते तपासणं नाही. फक्त बघायचं आणि ऐकायचं.

पुढच्या वेळी तिने जे सांगितलं ते जवळजवळ तिच्याच शब्दांत देते, कारण इतकं चांगलं वर्णन मला पुस्तकातही क्वचित सापडलं आहे. “आधी नुसतं भराभर, उथळ ओढत होता. मग माझा पान्हा फुटला आणि त्याची लय बदलली. हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, मग घोट. घोटाचा आवाज येतो मॅडम, श्वास सोडल्यासारखा, हलका. सुरुवातीला मूठ घट्ट आवळलेली होती. हळूहळू बोटं सुटली. शेवटी हात अगदी सैल पडला आणि त्यानेच सोडलं.” मग जरा ओशाळून म्हणाली, “मध्ये मी घोट मोजायला लागले होते. लक्षात आलं तशी थांबले.”

मी मनापासून हसले. तीही हसली. पण लगेच तिचा चेहरा पडला. “तरी किती प्यायला ते कळलं नाहीच.”

“नाहीच कळणार,” मी म्हटलं.

आमचं खरं बोलणं इथून पुढे सुरू झालं. बाटलीवर मापाच्या रेषा असतात, स्तनावर नसतात. अंगावर पाजायचं तर प्रत्येक वेळचा आकडा न कळता जगावं लागतं. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलीच्या आसपास दूध जातं. पण ही सरासरी झाली. एखादं बाळ यापेक्षा बऱ्याच कमी दुधावर छान वाढतं, एखादं बरंच जास्त पितं, आणि एकाच बाळाची दोन फीडंही सारखी नसतात. बाळाला पुरेसं मिळावं, ही कुठल्याही आईची रास्त इच्छा आहे. ‘पुरेसं मिळालं हे मला दर वेळी खात्रीने कळलंच पाहिजे’ हा हट्ट आहे, आणि तिची झोप या हट्टाने घालवली होती.

पण हा हट्ट तिच्यात आला कुठून? मला वाटतं, तिच्या पेशातून. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षापासून शिकवतात की जे लिहिलं नाही ते झालं नाही. पेशंटच्या अंगात किती गेलं, बाहेर किती आलं, सगळं मिलीत, वेळेसकट आणि सहीसकट. त्या शिस्तीवर माणसं वाचतात. तिने तीच शिस्त घरी आणली होती, इतकंच. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण वेड्या झालो आहोत असं तिला आतून वाटत होतं, आणि इथे कळलं की आपण भलत्या ठिकाणी चांगली नर्स होत होतो.

मापून पाजण्याचा सोस काही एकट्या सिस्टरचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी दर चार तासांनीच पाजायचं आणि रात्री पाजायचं नाही, अशी घड्याळी शिस्त लोकप्रिय केली होती. आज बाळ मागेल तेव्हा पाजा असंच सांगितलं जातं. नवजात बाळाची चोवीस तासांत आठ ते बारा फीडं होतात, संध्याकाळी तर एकामागोमाग एक. त्या वेळी ‘दूध संपलं’ असं वाटणं ठरलेलंच. काही आठवड्यांनी छाती मऊ लागते, दूध गळायचं थांबतं, तेव्हाही तसंच वाटतं. खरं तर शरीराने मागणीप्रमाणे पुरवठा जुळवून घेतलेला असतो.

आता त्या रात्रीच्या ४० मिलीकडे येऊ. मी विचारलं, पंप कुठे करता? चादरी ठेवायच्या खोलीत, दाराला कडी नाही, बाहेर बेल वाजते आहे, सहकारी एकटी सांभाळते आहे. अशात पान्हा फुटणार कसा? दूध बाहेर ढकलणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ताणाच्या वेळी अडतं. दूध आत असतं पण सुटत नाही. हे रोज झालं आणि छाती नीट रिकामी होत नाही असं कळलं, की शरीर दूध बनवणंही कमी करतं. म्हणजे चिंता खोटी असली तरी ती आपल्या हातांनी स्वतःला खरी करू शकते. म्हणून केवळ मन बदलून भागत नाही, कडीही बसवावी लागते. समुपदेशक मंडळी हे कधी कधी विसरतात.

आणि याच रुग्णालयाच्या व्हरांड्यात स्तनपानाच्या दहा पायऱ्यांचा तक्ता लावलेला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९८९ साली मांडलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या. पेशंटसाठी तक्ता आणि सिस्टरसाठी चादरींची खोली! पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात विश्रांती मिळावी किंवा तिचे तास कमी करावेत, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०००चा १८३ क्रमांकाचा करार सांगतो. सिस्टरने तो करार कुणाच्या तोंडावर फेकला नाही. इन्चार्ज सिस्टरशी सरळ बोलली आणि कडी असलेली खोली व ठरलेली वेळ मागून घेतली. मिळाली. साधारण दर तीन तासांनी पंप, त्याआधी थोडा वेळ हाताने हलका मसाज, समोर बाळाचा फोटो. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. खोली फार गरम असेल तर बाहेर त्याहून कमी.

कुणी म्हणेल, मग दूध कमी पडतं ही तक्रार नेहमी मनाचीच का? मुळीच नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, पण दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यायला हवं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, लघवी गडद असेल, बाळ सुस्त असेल, पाजायलाही उठत नसेल, तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचं. स्तनांची शस्त्रक्रिया झालेली असणं, थायरॉइड, वारेचा तुकडा आत राहणं, अशी आईच्या शरीरातली कारणंही असतात आणि ती डॉक्टरनेच शोधायची. छातीचा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप आला, तर पाजणं न थांबवता दाखवायला जायचं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर ते दुधाच्या तक्रारीत दडवायचं नाही. यासाठी एडिनबराची दहा प्रश्नांची प्रश्नावली १९८७पासून वापरात आहे. मी ती सिस्टरकडूनही भरून घेतली होती. तिच्या बाबतीत नैराश्य नव्हतं, चिंता होती.

वही तिने एकदम टाकली नाही. आधी रोजच्याऐवजी ड्यूटीच्या दिवशीच लिहायची, मग विसरायला लागली. नाइटला अजूनही एक फीड पावडरच्या दुधाचं जातं. त्यावर मला काही म्हणायचं नाही. जिला झोप मिळते आहे आणि जी बाकी सगळ्या वेळी आनंदाने पाजते आहे, तिच्यापुढे एका बाटलीवरून तत्त्वज्ञान मांडणं मला क्रूर वाटतं.

वॉर्डात तिने एक गोष्ट सुरू केली आहे. प्रत्येक ड्यूटीत एका बाळंतिणीजवळ एक अख्खं फीड बसायचं. सगळ्यांजवळ बसायला वेळ नाही, हे तिलाही माहीत आहे आणि दोष तिचा नाही, एका सिस्टरच्या वाट्याला येणाऱ्या खाटांचा आहे. पण त्या एका आईला ती “पुरतं हो” असं सांगत नाही. “ऐका,” म्हणते, “हा घोट. आता हा. बघा, बोटं सुटली.” घरच्यांनाही हेच करता येईल. ‘पुरलं का गं?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारणाऱ्या आजीने एकदा शेजारी बसून ऐकावं. आणि घरी वजनकाटा आणू नये. वजन डॉक्टरकडच्या काट्यावर, ठरलेल्या तारखेला.

मागच्या भेटीत सिस्टरने विचारलं, असं किती दिवस पाजू? सहा महिने निव्वळ अंगावरचं आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तिला पाठ आहे. मी म्हटलं, दर महिन्याला स्वतःला विचारा. तिचं बाळ आता सहा महिन्यांचं होत आलंय. वरचं अन्न सुरू झालं की दुधाचं गणित बदलेल आणि बहुधा “खातच नाही हो” ही नवी तक्रार येईल. तीही मी भरपूर ऐकते.