'लाईन' या एका इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ आहेत, मग वाक्यात नेमका कोणता घ्यायचा हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की स्पर्धा परीक्षेसाठी डिक्शनरी उघडली, 'लाईन'खाली अर्थांचं पानच्या पान निघालं आणि आता ते पाठ कसं करायचं हा प्रश्न आहे. पाठ करू नका. तुम्ही नागपूरचे आहात म्हणता, म्हणजे हा शब्द तुम्ही दिवसभर पाच-सहा अर्थांनी वापरता आणि एकदाही अडत नाही.

जूनमधलं वादळ झालं की शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडतात, "लाईन गेली का जी तुमच्याकडं?" इथं लाईन म्हणजे वीज. पुण्यात 'लाईट गेले' म्हणतात, त्यामुळे तिकडचा पाहुणा क्षणभर बघतच राहतो. त्याच काकू रेशनच्या लाईनीत उभ्या असतात, मुलाला मेडिकल लाईनला टाकायचं म्हणतात, काका सिव्हिल लाईन्सला कोर्टात गेले म्हणून सांगतात आणि समोरच्या घरातला पोट्टा 'दिवसभर लाईन मारत फिरते' अशी तक्रारही करतात. कोणती लाईन, असं त्यांना कोणीच विचारत नाही. 'गेली', 'उभ्या', 'टाकायचं', 'मारत' हे शेजारचे शब्दच सगळं सांगून टाकतात. इंग्रजीतही काम असंच चालतं.

मात्र यातल्या दोन लाईनी शुद्ध आपल्या आहेत, त्या पेपरात लिहून येऊ नका. वीज गेली याला इंग्रज 'पॉवर' गेली म्हणेल. 'द लाईन इज डेड' म्हटलं तर त्याला फोन बंद पडलेला वाटेल. आणि 'लाईन मारणे' शब्दशः इंग्रजीत नेलं तर कोणाला काहीच कळणार नाही.

एवढे अर्थ आले कुठून, तर जवसातून. आपल्याकडं ज्याची चटणी होते तेच जवस. लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम' म्हणत. जवसाच्या देठातून निघणाऱ्या तंतूचा दोरा तो 'लिनिया', आणि त्याच्यावरून हा शब्द. दोरा ताणला की सरळ रेघ, रेघेवर अक्षरं बसली की ओळ, माणसं उभी राहिली की रांग, रूळ टाकले की रेल्वेचा मार्ग, बाप-लेक-नातू असं धरत गेलं की वंश. कोटाचं अस्तर म्हणजे 'लायनिंग' हेही त्याच कुळातलं, कारण अस्तराला तागासारखं हे जवसाचं कापड लावत. मराठीत आपण रेघ, ओळ, रांग, तार, मार्ग, वंश असे वेगवेगळे शब्द ठेवले म्हणून आपल्याला ही गर्दी वाटते. इंग्रजी माणसाला सगळीकडं तो ताणलेला दोराच दिसतो.

आता एक वाक्य घ्या: 'ही ड्रॉप्ड अ लाईन'. मित्राबद्दल असेल तर त्यानं दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. अंबाझरी तलावाच्या काठावर बसलेल्या माणसाबद्दल असेल तर त्यानं गळ टाकला. नटाबद्दल असेल तर तो संवादाचं एक वाक्य विसरला. संपादकाबद्दल असेल तर त्यानं लेखातली एक ओळ उडवली. शब्द तेच आहेत, फक्त 'तो' कोण हे बदललं. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: बोलतंय कोण, कोणाबद्दल? 'होल्ड द लाईन' ऑपरेटर म्हणाला तर फोन ठेवू नका. सेनापती म्हणाला तर मागे हटू नका.

दुसरं बघायचं ते शेजारचे बारके शब्द. 'शी इज ऑन द लाईन' म्हणजे ती फोनवर आहे. 'हर जॉब इज ऑन द लाईन' म्हणजे तिची नोकरी पणाला लागली आहे. 'इन लाईन विथ' म्हणजे एखाद्या गोष्टीला अनुसरून. सरकारी इंग्रजीत हे पावलोपावली भेटतं. 'आऊट ऑफ लाईन' म्हणजे मर्यादा सोडून वागणं. अनेकवचनही बघा. नाटकाच्या संदर्भात 'लाईन्स' म्हणजे नटाचे संवाद, छावणीच्या संदर्भात सैनिकांच्या राहण्याच्या ओळी. इंग्रजांच्या काळात फौजेच्या वस्तीला 'लाईन्स' म्हणत, मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाईन्स. आपल्या नागपूरचं विधान भवन तिथंच आहे. तिथं जाऊन कोणती रेघ शोधायची नसते.

रंग जोडला की आणखी गंमत. आपल्या नागपूर मेट्रोची ऑरेंज लाईन आणि अ‍ॅक्वा लाईन सीताबर्डीला एकमेकींना भेटतात, तिथं लाईन म्हणजे मार्ग. दिल्लीच्या मेट्रोत 'रेड लाईन' हाही मार्गच. पण नदीकाठच्या प्लॉटच्या कागदात 'रेड लाईन' दिसली तर ती पूररेषा: महाराष्ट्रात निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि परराष्ट्रमंत्री 'रेड लाईन' म्हणाले तर ओलांडू नये अशी हद्द. प्लॉट घेणाऱ्यानं यातला मधला अर्थ विसरू नये, बाकी विसरला तरी चालेल.

थोडे वाक्प्रचार मात्र कथेसकट लक्षात ठेवावे लागतात. 'डेडलाईन' आज कामाची शेवटची मुदत आहे, पण अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत ती खरोखरची रेषा होती. कैद्यानं ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. 'बॉटम लाईन' म्हणजे हिशेबाची शेवटची ओळ, निव्वळ नफा. तिच्यावरून 'मुद्द्याची गोष्ट' हा अर्थ आला. 'टॉप लाईन' म्हणजे एकूण विक्री.

सरावासाठी इंग्रजी पेपरचं खेळाचं आणि व्यापाराचं पान शेजारी शेजारी ठेवून वाचा. जामठ्याच्या क्रिकेट सामन्याच्या बातमीत 'लाईन अँड लेंग्थ' येईल, तिथं लाईन म्हणजे चेंडूची स्टंपच्या संदर्भातली दिशा. पलीकडच्या पानावर 'क्रेडिट लाईन' येईल, म्हणजे बँकेनं ठरवून दिलेली उचलीची मर्यादा. प्रत्येक वेळी मराठी शब्द मनात म्हणा. तो लगेच सुचला तर अर्थ बरोबर लागला.

रांगेला ब्रिटिश 'क्यू' म्हणतात आणि अमेरिकन 'लाईन', तेव्हा उत्तरपत्रिकेत दोन्ही चालतं. 'टो द लाईन'चं स्पेलिंग मात्र टी-ओ-ई, म्हणजे पायाचं बोट रेघेला लावून उभं राहणं, शिस्त पाळणं. ओढून नेण्याचं टी-ओ-डब्ल्यू नव्हे. चूक शोधायच्या प्रश्नांत हे नक्की लक्षात ठेवा.