वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपवर सौरघटाचा रेणू

प्रश्न : मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतो. सेंद्रिय सौरघटासाठी थायोफीन आणि बेंझोथायाडायझोल या रिंगा जोडून एक डोनर (इलेक्ट्रॉन देणारा) रेणू आखला आहे. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ऑर्का हे रेणूंचं गणित करणारं सॉफ्टवेअर चालवलं की गणित मध्येच बंद पडतं. आणि होमोचा, म्हणजे इलेक्ट्रॉन असलेल्या सर्वांत वरच्या पातळीचा, जो आकडा येतो तो कितपत खरा धरायचा?
– एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : बंद पडतं ते बहुधा मेमरीमुळे. इनपुटमधला मॅक्सकोर, म्हणजे मेमरीची एमबीतली मर्यादा, एका कोअरमागे मोजतात. चार कोअर आणि ४००० लिहिलंत की मागणी १६ जीबीची होते. तुम्ही दोन कोअर आणि २००० ठेवा. मध्येच वीज गेली तर शेवटची रचना एक्सवायझेड फाइलीत असते, तिथून पुढे चालवा.

वेळ वाचवायला लांब अल्काइल साखळ्या छाटाव्याच लागतात. पण अनेकजण त्या जागी हायड्रोजन लावतात आणि तिथेच फसतात. साखळी शेजारच्या रिंगला रेटते, त्यामुळे दोन रिंगांमध्ये पीळ पडतो. हायड्रोजनने तो पीळ नाहीसा होतो, रेणू सपाट दिसतो आणि होमो व लूमो (सर्वांत खालची रिकामी पातळी) यांतली गॅप खोटी लहान येते. साखळीच्या जागी मिथाइल ठेवा.

अ‍ॅव्होगॅड्रो या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेणू काढून आधी एक्सटीबी या झटपट ढोबळ पद्धतीवर चालवा. रिंगांमधले बंध १८० अंशांत फिरवून वेगवेगळ्या ठेवणी तपासा. सर्वांत कमी ऊर्जेची ठेवण बी३एलवायपी-डी३ ही पद्धत आणि डेफ२-एसव्हीपी हा बेसिस सेट वापरून ऑप्टिमाइझ करा, मग कंपनांच्या फ्रिक्वेन्सी काढा. एखादी ऋण आली तर रचना अजून तळाला पोचलेली नाही. त्या कंपनाच्या दिशेने अणू किंचित सरकवून पुन्हा चालवा. रेणू कोणता प्रकाश शोषतो ते काढायला मात्र बी३एलवायपी नको. इलेक्ट्रॉन रेणूच्या एका भागातून दुसऱ्या भागात जातो तेव्हा लागणारी ऊर्जा ते कमी दाखवतं. तिथे कॅम-बी३एलवायपी घ्या, द्रावक क्लोरोफॉर्म, १० उत्तेजित अवस्था. १२४० ला इलेक्ट्रॉनव्होल्टमधल्या ऊर्जेने भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते.

आता होमो. सुटा आकडा धरू नका. ज्यांची सायक्लिक व्होल्टॅमेट्री (होमो प्रयोगाने मोजायची विद्युत-रासायनिक पद्धत) छापून आली आहे असे ५-६ सारखे रेणू याच पद्धतीने काढा, गणित आणि मोजमाप यांची रेघ मारा, आपला रेणू तीवर वाचा. या मोजमापात संदर्भ म्हणून घेतलेल्या फेरोसीनची पातळी कोणी −४.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरतं, कोणी −५.१, ती आधी सारखी करून घ्या, नाहीतर रेघच वाकडी येईल.

घटाच्या व्होल्टेजसाठी संशोधक शार्बर यांचं २००६ चं सूत्र आहे: डोनरचा होमो आणि पीसीबीएम या फुलरीन (कार्बनच्या पोकळ गोळ्याच्या) अ‍ॅक्सेप्टरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणाऱ्या रेणूचा, लूमो (−४.३) यांतला फरक, उणे ०.३. होमो −५.३ असेल तर ०.७ व्होल्ट. हे ०.३ फुलरीनसाठीचं आहे. २०१९ च्या वाय६ सारख्या अ‍ॅक्सेप्टरबरोबर व्होल्टेजची तूट कमी असते, तिथे हे सूत्र व्होल्टेज कमी सांगेल. वाय६ चा मोजलेला होमो −५.६५, तुमच्या डोनरचा त्याहून वर हवा.

प्रश्न : गणितात उत्तम ठरलेला रेणू घटात का फसतो?
– एक प्राध्यापिका, कागल

उत्तर : गणित एकट्या रेणूचं असतं, वीज मिसळलेल्या थरातून येते. एक्सायटॉन, म्हणजे प्रकाशाने तयार झालेली इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागेची जोडी, साधारण १० नॅनोमीटरच चालतो. डोनर-अ‍ॅक्सेप्टरचे कप्पे त्याहून फार मोठे झाले तर तो सीमेवर पोचण्याआधीच विझतो. हार्वर्डच्या क्लीन एनर्जी प्रकल्पाने २०१३ मध्ये सुमारे २३ लाख रेणूंचे आकडे खुले केले. अशा यादीतून नको ते गाळता येतं. थर कसा बसेल ते कळत नाही. म्हणून विद्यार्थ्याने संश्लेषण हाती घेण्याआधी पायऱ्या मोजायला लावा आणि क्लोरोफॉर्ममध्ये रेणू विरघळेल इतक्या साखळ्या आहेत का ते पाहा. आणखी एक: वाय६ सारख्या रेणूंत टोकाचा गट ज्या दुहेरी बंधाने जोडलेला असतो, तो उजेडात तुटू शकतो. होमो-लूमोच्या आकड्यात त्याचा मागमूस नसतो.