बिल्ड होतो पण बोर्डावर विंडो उघडत नाही? आधी सिसरूट बघा

तुमची पोस्ट वाचली, अगदी ओळखीचं दुखणं आहे. छोट्या लिनक्स बोर्डासाठी लॅपटॉपवर केलेला क्यूटीचा (विंडोवाली ॲप बनवायच्या लायब्ररीचा) बिल्ड एकही एरर न देता पूर्ण होतो, कन्सोलवाला प्रोग्राम बोर्डावर चालतो, पण विंडोवालं ॲप ‘ईजीएलएफएस प्लगइन सापडला नाही’ म्हणत बंद पडतं (ईजीएलएफएस म्हणजे डेस्कटॉपशिवाय थेट स्क्रीनवर चित्र काढणारा क्यूटीचा भाग). टूलचेन (बोर्डासाठीचा कंपायलर, लिंकर) वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्ही केलेलंच दिसतंय.

माझ्या मते कोडला हात लावू नका, गडबड सिसरूटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या लायब्ररींची जी प्रत लॅपटॉपवर ठेवतो तिच्यात, असणार. कॉन्फिगर करताना क्यूटी ईजीएल, जीबीएम, डीआरएम या ग्राफिक्सच्या लायब्ररींचे छोटे टेस्ट प्रोग्राम लिंक करून बघतो, आणि त्यातली एखादी टेस्ट फेल गेली तरी थांबत नाही, समरीत ईजीएलएफएससमोर गुपचूप ‘नो’ लिहितो आणि पुढे जातो, मग बिल्ड तासन्‌तास चालतो पण प्लगइन बनतच नाही. म्हणून ती समरी वाचल्याशिवाय बिल्ड सुरूच करू नका.

टेस्ट फेल जायचं नेहमीचं कारण म्हणजे सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल. बोर्डावरून आरसिंकने (फाइल्स कॉपी करायच्या टूलने) आणलेल्या फोल्डरमध्ये काही डॉट-एसओ (लायब्ररीच्या) फाइल्स थेट ‘/लिब/...’ कडे बोट दाखवतात. बोर्डावर ते बरोबर, पण लॅपटॉपवर तोच पत्ता लॅपटॉपच्या स्वतःच्या लिब फोल्डरचा होतो आणि तिथे ती फाइल नसतेच. सगळ्या लिंक रिलेटिव्ह (त्याच फोल्डरच्या हिशोबाने) करून घ्या. आणि पीकेजी-कॉन्फिगचा (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणाऱ्या टूलचा) ‘लिबडिर’ व्हेरिएबल सिसरूटकडे वळवा, नुसता ‘पाथ’ दिलात तर तो लॅपटॉपच्या लायब्ररीपण उचलतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बोर्ड विकणाऱ्या कंपनीच्या सपोर्टने, नाव घेत नाही. त्यांच्या तयार एसडीकेमधला (डेव्हलपरसाठीच्या पॅकेजमधला) सिसरूट बोर्डावरच्या इमेजपेक्षा (तिथे टाकलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा) जुना होता, ग्राफिक्सच्या लायब्ररी जुळत नव्हत्या. दोन्हीकडच्या व्हर्जन लिहून पाठवल्या तरी उत्तर एकच, ‘नवीन इमेज फ्लॅश करा’, आणि तिकीट बंद! अहो, नवीन इमेज टाकली की फरक आणखी वाढतो, हे कुणी वाचायलाच तयार नाही. तेव्हापासून तयार सिसरूटवर माझा अजिबात विश्वास नाही. ज्या बोर्डावर ॲप चालवायचंय त्याच्यावरूनच घ्या, आणि बोर्डावर अपडेट केलं की परत सिंक करा.

याच जातीचा, व्हर्जन न जुळल्याचा दुसरा एरर म्हणजे ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). उबुंटू २२.०४ च्या क्रॉस कंपायलरसोबत जीलिबसी २.३५ येते, बोर्डावर बुलसाय (डेबियन ११) असेल तर तिथे २.३१ असते, आणि नवीवर बनलेलं ॲप जुनीवर चालत नाही. आणि बोर्ड रास्पबेरी पाय झिरो किंवा पहिला रास्पबेरी पाय असेल तर उबुंटूचा आर्म-एचएफ (३२-बिट एआरएमचा) कंपायलर चालणार नाही, तो एआरएमव्ही७ चा कोड काढतो आणि ती चिप जुनी, एआरएमव्ही६ आहे, थेट ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येतं.

अजून एक, डेस्कटॉप चालू असताना ईजीएलएफएसला डिस्प्ले मिळत नाही, डेस्कटॉप बंद करून बघा.

मी क्यूटीवरच काम केलंय, जीटीके या तशाच दुसऱ्या लायब्ररीचं ठामपणे सांगू शकत नाही. ॲप छोटं असेल आणि बोर्डाच्या रेपोमधला (तयार पॅकेजमधला) क्यूटी चालणार असेल तर सरळ बोर्डावरच कंपाइल करा, एवढी मरमर नको. नाहीतर समरीतला ईजीएलएफएसचा भाग इथे टाका, बघून सांगतो.