1892 च्या मॉर्गन डॉलरवर, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या नाण्यावर, चेहऱ्याच्या कानावरचे केस सपाट आहेत. नाणं झिजलंय की छापच कमजोर आहे?

तुम्ही लिहिलंय की मागच्या बाजूला, पानांच्या माळेच्या गाठीखाली 'ओ' अक्षर आहे. म्हणजे नाणं न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचं, आणि निम्मं उत्तर तिथेच मिळतं. 1892 चे न्यू ऑर्लिन्सचे डॉलर सपाट छापासाठी कुप्रसिद्ध आहेत. केस पुसट आहेत एवढ्यावरून नाणं घेणारा व्यापारी 'वापरलेलं आहे' म्हणून भाव पाडत असेल, तर लगेच मान्य करू नका.

पुढच्या बाजूवरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) कानावरच्या बटा आणि पाठीमागे गरुडाची छाती हे दोन्ही उंच भाग नाण्याच्या मध्यात पाठीला पाठ लावून येतात. दाब कमी पडला किंवा दोन ठशांमध्ये (छाप उमटवणाऱ्या साच्यांमध्ये) अंतर जास्त राहिलं, की चांदी दोन्हीकडच्या खोलगट भागांत पुरती शिरत नाही. त्यामुळे छाप कमजोर असेल तर केसांबरोबर छातीवरची पिसंही सपाट दिसतात. ठसे फिलाडेल्फियाहून येत. ते जास्त टिकावेत म्हणून न्यू ऑर्लिन्समध्ये दाब कमी ठेवत असावेत, असं संग्राहक मानतात.

आता झीज कशी ओळखायची? एकाच दिव्याखाली नाणं कडेने धरून हळूहळू कलतं करा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे गोल फिरतात. नजर गालावर आणि पंखांच्या वरच्या कडांवर ठेवा, कारण हाताळणीची झीज तिथेही दिसतेच. तिथे चमक अखंड असेल आणि सपाटपणा फक्त मध्यात असेल, तर दोष छापाचा. मग भिंग घ्या. ठसा नीट न टेकलेल्या जागी मूळ चकतीवरचे बारीक खड्डे, ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत आणि मंद राखाडी असते. हे सगळं होईपर्यंत नाण्याला पॉलिश, चिंच, टूथपेस्ट काहीही लावू नका. चमक गेली तर ही तपासणीच करता येणार नाही.

नजर तयार करायची असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचा 1880 किंवा 1881 चा डॉलर शेजारी ठेवा. तो सहज मिळतो आणि त्यावर बटा सुट्या सुट्या दिसतात. तुलनेसाठी 1921 चा मात्र नको. 1918 च्या अमेरिकी पिटमन कायद्याखाली सुमारे 27 कोटी डॉलर वितळवले गेले, आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारतात रुपये पाडण्यासाठी आली. ती भरून काढायला 1921 मध्ये डॉलर पुन्हा पाडले, पण नव्या ठशांनी, आणि त्यांचा उठावच कमी आहे.

नाणं तज्ज्ञ संस्थेकडे पाठवून त्याची प्रत (दर्जाची श्रेणी) ठरवून घेणार असाल तर एवढं धरून चाला: कमजोर छापामुळे ते 'वापरलेलं' ठरत नाही, पण सर्वात वरच्या श्रेणी त्याला मिळणार नाहीत.