ड्रॉपडाउनमध्ये शोधायची सोय दिली, पण स्क्रीन रीडर गप्प का?

भाऊ, तुमच्या नागपूरच्या वस्त्यांच्या यादीत टाइप करताच नावं गाळली जाताना डोळ्यांना दिसतं, पण एनव्हीडीएला (अंधांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर) काही कळत नाही, कारण तुम्ही बाणाच्या कळीबरोबर फोकसच (कीबोर्डची कळ जिथे लागू होते ती जागा) यादीत नेताय. तो शोधाच्या चौकटीतच राहू द्या. चौकटीला 'कॉम्बोबॉक्स' रोल (हा घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) द्या, यादीला 'लिस्टबॉक्स', आणि बाणाने सध्या ज्या ओळीवर आहात तिचा आयडी चौकटीच्या 'आरिया-अ‍ॅक्टिव्हडिसेंडंट'मध्ये (कुठली ओळ वाचायची हे सांगणारा गुणधर्म) टाका. अक्षर टाइप झालं की हा गुणधर्म आधी रिकामा करा. नाहीतर गाळून गेलेल्या ओळीकडेच तो बोट दाखवत बसतो. माझी अख्खी दुपार यातच गेली होती.

स्पेसने निवड करणारा जुना कोडही काढा. कुणी 'गांधी बाग' असं तोडून लिहायला 'गांधी'नंतर स्पेस दाबली की 'गांधीबाग'च्या ऐवजी भलतंच निवडलं जातं. निवड एंटरने, बंद एस्केपने.

'३ पर्याय सापडले' हे 'स्टेटस' रोलच्या वेगळ्या डिव्हमध्ये (पानावरचा एक कप्पा; यातला बदल स्क्रीन रीडर आपणहून वाचतो) टाका, तेही टाइपिंग अर्धा सेकंद थांबल्यावर. दर अक्षराला बोललं तर माणूस वैतागतो.

आणि हो, जुळवणी फक्त नावाच्या सुरुवातीपासून नको, जावास्क्रिप्टच्या 'इन्क्लूड्स'ने करा, म्हणजे अक्षरं नावात कुठेही असली तरी सापडतील. आपल्याकडे सीताबर्डी कोण लिहितं, सगळे 'बर्डी'च लिहितात! 'सिता' आणि 'सीता' दोन्ही चालावं म्हणून तुलनेपुरते ऱ्हस्व-दीर्घ एक करून टाका.